झोपेत घेतलेलं माप

मास्तरांना बसायला त्रास होतो ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती. एक मास्तर स्वतः आणि दुसरे डॉक्टर. डॉक्टरांनी ती कुणाला सांगितलेली असणं शक्य नव्हतं, कारण त्यांना मास्तरांचा चेहरासुद्धा लक्षात राहत नसे. मास्तरांनीही ब्र काढला नव्हता. टेलरचा सगळा धंदाच बसून चालतो. त्यानं आपल्याला बसवत नाही असं सांगत फिरणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तरीही मंगळवारी सकाळी दुकान उघडून त्यांनी फोन हातात घेतला, तर फोनवर एक उशी आली. गोल, आणि मधोमध भोक असलेली. खाली लिहिलं होतं, 'आता बसा निवांत.'

मास्तरांनी फोन पालथा घातला. पाच मिनिटांनी सुलटा केला, तोवर तीच उशी निळ्या रंगात आली होती.

शेजारी चष्म्याचं दुकान होतं. चष्मेवाला सगळ्या विषयांतला जाणकार होता, कारण त्याच्याकडे गिऱ्हाईक कमी आणि वर्तमानपत्रं जास्त येत. मास्तर त्याच्याकडे गेले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. त्यांना एक दुखणं आहे. कुणाला सांगितलं नाही, तरी त्यांच्या फोनला कळलं. हे कसं?"

"ते गृहस्थ बसताना तोंडानं काही म्हणतात का? 'आई गं', 'मेलो' असं काही?"

"म्हणत असतील. पण बसतानाचं दुखणं आहे, असं मी कुठं म्हणालो?"

"तुम्ही आल्यापासून उभे आहात, मास्तर." चष्मेवाल्यानं वर्तमानपत्राची घडी घातली. "फोन ऐकतो. पूर्वी भिंतीला कान असायचे, आता खिशाला आहेत. आणि ती जी साइट आहे ना, जिच्यावर आपण सगळे एकमेकांचे मित्र आहोत, ती तर सगळं लिहून ठेवते. तुम्ही काय बघता, कुठं थांबता, कुणाचा फोटो किती वेळ न्याहाळता. बाहेर पडा तिथून. मीही पडणार आहे."

"कधी?"

"बघू. अजून वाचतोय मी त्यावर."

मास्तरांचं त्या साइटवरचं खातं लेकीनं चार वर्षांपूर्वी उघडून दिलं होतं. लेक लग्न होऊन लांबच्या शहरात गेली होती, आणि आई-बाबा रोज दिसावेत म्हणून तिनं दोघांचीही खाती एकाच दुपारी उघडली होती. मास्तरांचे तिथे दोनशे बारा मित्र होते; त्यातले बहुतेक गिऱ्हाईक. मास्तर स्वतः कधी काही लिहीत नसत. वाढदिवसाला सगळ्यांना 'आभारी आहे' एवढं लिहीत आणि वर्षभर गप्प बसत. तीन वर्षांपूर्वी बायको गेली, तेव्हापासून मात्र रोज सकाळी ते उघडून बघायची सवय लागली होती. घरात एकही चेहरा दिसत नसला की माणूस असले चेहरे बघतो.

बायकोला मास्तर कधी नावानं हाक मारत नसत. ती 'ही' होती, आणि गेल्यावरही 'ही'च राहिली. दुकान दोघांचं होतं. मास्तर टेप घेऊन गिऱ्हाइकाभोवती फिरत आणि मोठ्यानं ओरडत, "छाती चाळीस!" समोरच्या टेबलाशी ही बसलेली असे. ती म्हणायची, "चाळीस," आणि लिहायची. तिचा आकडा परत कानावर आल्याखेरीज मास्तरांची टेप पुढे सरकत नसे. असं तेहेतीस वर्षं चाललं. सगळं गाव एका जाडजूड वहीत होतं, हिच्या अक्षरात. टपोरं, जरा डावीकडे कललेलं अक्षर.

ती गेल्यावर महिन्याभरात लेकीनं घर आवरलं. चिठ्ठ्या, सामानाच्या याद्या, जुनी पत्रं, सगळं रद्दीत गेलं. मास्तरांनी काही म्हटलं नाही, तेव्हा सुचलंच नाही. नंतर लक्षात आलं की हिचं अक्षर आता फक्त त्या वहीत उरलं आहे. तेव्हापासून रोज सकाळी मापं बघायच्या निमित्तानं ते चार पानं उलटत. ती पानं बघितली की दिवस ढकलता येत असे, एवढी साधी गोष्ट होती. पण टेलरनं ती कुणाला सांगायची?

त्या संध्याकाळी सहा वाजता मास्तरांनी साइट सोडायचं ठरवलं. वाटलं, एक बटण दाबलं की झालं. पण बाहेर पडणं आत शिरण्यापेक्षा अवघड निघालं. आधी साइटनं विचारलं, कारण काय? मास्तरांनी लिहिलं, 'खासगी आहे.' मग विचारलं, थोडे दिवस विश्रांती घेता का? मास्तरांनी नाही म्हटलं. मग तिनं तीन फोटो दाखवले आणि वर लिहिलं, 'यांना तुमची आठवण येईल.'

पहिला वकीलसाहेबांचा, दुसरा चष्मेवाल्याचा. तिसरा हिचा होता. लेकीनं काढलेला, मान खाली, सुईत दोरा ओवताना.

हिला आपली आठवण येईल, असं तीन वर्षांत त्यांना कुणी म्हणालं नव्हतं. भेटायला आलेल्या माणसांनी 'तुम्हाला त्यांची आठवण येत असेल' एवढंच म्हटलं होतं. हे उलट कुणाला सुचलं नाही, ते त्या मेल्या यंत्राला सुचलं. त्यांना इतकं वाईट वाटलं की रागच आला, आणि त्या रागात त्यांनी 'तरीही जायचं आहे' दाबलं. साइट म्हणाली, 'तीस दिवस आम्ही वाट पाहू. तोवर परत आलात तर काहीच झालं नाही असं समजू.' मास्तरांनी फोन बंद करून काळ्या बटणांच्या डब्यात ठेवला आणि डब्याला झाकण लावलं.

इथवर सगळं ठीक होतं. पण नव्यानं शहाणा झालेला माणूस स्वस्थ बसत नाही, आणि मास्तरांना तर बसताच येत नव्हतं. ते येईल त्या गिऱ्हाइकाला गाठून सांगू लागले. ज्याची माहिती त्याची मालकी. दुसऱ्यानं ती ठेवायची म्हणजे चोरी. दुकानातल्या फोनवरून लेकीला तर दोन तास समजावलं की हल्ली आवाजाचीसुद्धा नक्कल करतात, तेव्हा उद्या माझ्या आवाजात कुणी काही मागितलं तर देऊ नकोस. आणि आठवड्यानंतर त्यांनी दुकानात स्वतःच्या हातानं रंगवून एक पाटी लावली: 'आमच्याकडे आपली माहिती गुप्त राहील.'

विकतचं दुखणं म्हणतात ते हेच. तेहेतीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाच्या मनात आलं नव्हतं की टेलरकडे आपली काही माहिती असते. पाटी पहिल्यांदा वाचली वकीलसाहेबांनी. ते पँट टाकायला आले होते.

"मास्तर, माझी कसली माहिती आहे तुमच्याकडे?"

"कसली म्हणजे? मापं."

"मापांत गुप्त ठेवण्यासारखं काय असतं?"

इथं मास्तरांनी 'काही नाही' म्हणायला हवं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण पाटी लावल्यापासून त्यांना खरं बोलण्याचा आजार जडला होता. "मापांच्या शेजारी थोडे शेरे आहेत," ते म्हणाले. "हिनं लिहिलेले. शिवताना उपयोगी पडावेत म्हणून."

"दाखवा."

वकीलसाहेबांनी पान वाचलं. 'कंबर साडेएकेचाळीस. माप घेताना पोट आत ओढून धरतात. कोर्टातली एखादी केस विचारावी. बोलायला लागले की पोट आपोआप सुटतं, तेव्हा टेप लावावी.'

त्यांनी पान पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, "म्हणजे तुम्ही दर वेळी माझ्या केसेसची चौकशी करायचात ती यासाठी?"

"तसं नाही, साहेब..." मास्तर घुटमळले. "म्हणजे, तसंच."

"मला वाटायचं तुम्हाला ऐकायला आवडतं." वकीलसाहेबांचा आवाज खाली आला. "घरी कुणी ऐकत नाही हो." मग त्यांना आपण वकील असल्याचं आठवलं. "हे पान फाडून द्या. ज्याची माहिती त्याची मालकी, हे तुमचंच वाक्य आहे. गेल्या बुधवारी, इथंच उभं राहून."

मास्तरांचे दात मास्तरांच्याच ओठांवर आले. त्यांनी कात्री घेतली आणि शिवणीच्या कडेनं पान कापलं, उसवल्यासारखं हळू. वकीलसाहेब घडी घालून घेऊन गेले. मास्तर रिकाम्या कडेवरून बोट फिरवत राहिले आणि मग त्यांच्या लक्षात आलं. पानाला दोन बाजू असतात. वकीलसाहेबांच्या पाठीवर हेडबाई होत्या.

हेडबाई म्हणजे शाळेच्या निवृत्त, साडीवर कायम कोट घालणाऱ्या मुख्याध्यापिका. निम्मं गाव त्यांच्या हातचा मार खाऊन मोठं झालं होतं. शुक्रवारी त्या दुकानात आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "मास्तर, माझा खांदा वकिलाच्या घरी कसा गेला?"

"बाई, तुम्ही आधी बसा..."

"मी बसणार नाही. काल वाचनालयात चार माणसांत वकिलीणबाईंनी मला विचारलं, 'डावा खांदा आता कसा आहे?' माझ्या खांद्याला काय झालंय? आणि झालं असेल तर ते तिला आधी का कळावं?"

पान परत मागायला मास्तर वकीलसाहेबांकडे गेले. वकीलसाहेब म्हणाले, पानावर माझी कंबर आहे. हेडबाई म्हणाल्या, माझा खांदा आहे. शेवटी तोड निघाली ती अशी, की वकीलसाहेबांनी आपली बाजू काळ्या शाईनं पूर्ण खोडली आणि पान हेडबाईंना दिलं. पण कागद जुना होता. शाई पलीकडे उतरली, आणि हेडबाईंच्या शेऱ्याचा निम्मा भाग डागाखाली गेला. निम्मा शेरा पूर्ण शेऱ्यापेक्षा वाईट असतो. त्या रात्रंदिवस तर्क करत राहिल्या.

पुढचं सांगायला नको. सोमवारी दुकान उघडायच्या आधीच बाहेर रांग होती. मास्तरांच्या वहीत प्रत्येकाबद्दल काहीतरी आहे, एवढंच लोकांना कळलं होतं. काय आहे ते ज्यानं त्यानं आपापल्या मनानं ठरवलं होतं. बँकेतला एक जण तर म्हणाला, "मी तुमच्याकडे एकदाच आलोय, रुमालाला टीप मारायला. तरी माझं पान द्या."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. एवढी सगळी पानं गेली तर उरणार काय? त्यांनी रांगेकडे पाहिलं, वही पोटाशी धरली, आणि काय बोलतोय ते कळायच्या आत त्यांच्या तोंडून निघालं, "आधी कारण सांगावं लागेल."

"कसलं कारण?"

"पान का हवंय त्याचं. लेखी. त्यानंतर तीस दिवस विचार करायला मिळतील. तीस दिवसांत मन बदललं तर काहीच झालं नाही असं समजू. हवं तर मी माझ्या हातानं नक्कल करून देतो, मूळ पान इथंच राहील. आणि बघा, तुमच्या कोटाच्या खांद्यांना तुमची आठवण येईल."

चष्मेवाला आपल्या दारात उभा राहून ऐकत होता. तो जवळ आला आणि मास्तरांच्या कानाशी म्हणाला, "मास्तर, वाईट वाटून घेऊ नका. पण हे तर तुम्ही त्या साइटसारखंच बोलताय. शब्दसुद्धा तेच आहेत."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मास्तरांना ते लागलं. ते हट्टी होते, लबाड नव्हते. त्यांनी पाटीकडे पाहिलं, मग वही टेबलावर ठेवली, हिच्या जागेवर, आणि कात्री उचलली. दोन दिवस ते पानं कापत होते. प्रत्येक जण आपलं पान छातीशी धरून, कुणाच्या नजरेला नजर न देता निघून जात होता. मेलेल्या माणसांची पानं तरी राहतील, असं मास्तरांना वाटलं होतं. पण मेलेल्यांच्या पाठीवर जिवंत माणसं होती. बुधवारी दुपारी वहीचे दोन पुठ्ठे उरले आणि मधे दोरा.

नंतरचे दिवस कसे गेले ते मास्तरांनाच ठाऊक. सकाळी दुकान उघडायचं, हात वहीकडे जायचा, पुठ्ठे लागायचे. गिऱ्हाईकही तुटलं. मापं उरली नव्हती आणि नव्यानं द्यायला कुणी धजत नव्हतं. फोन बटणांच्या डब्यात होता. आता मास्तरांबद्दल जगात कुणालाही काही माहीत नव्हतं, फोनला नाही आणि माणसांनाही नाही. हवं होतं ते अगदी जसंच्या तसं मिळालं होतं.

तिसाव्या दिवशी, संध्याकाळचे पाच वाजून गेल्यावर, हेडबाई परत आल्या. या वेळी त्या न सांगता खुर्चीवर बसल्या. पर्समधून घडी केलेलं पान काढून त्यांनी टेबलावर पसरलं.

"इथवर वाचता येतंय. 'डावा खांदा दोन बोटं खाली.' त्यापुढे डाग. तीन आठवडे झोप नाही मला. काय लिहिलंय खाली?"

मास्तरांनी पानाकडे पाहिलंही नाही. टेपची गुंडाळी करत ते म्हणाले, "'वह्यांच्या पिशवीनं झालंय. रोज एकाच खांद्यावर घरी नेतात. कोटात डावीकडे आतून गादी द्यावी, म्हणजे ताठ दिसतील. त्यांना कळू देऊ नये.'"

हेडबाईंनी नकळत डाव्या खांद्यावर हात ठेवला. कोटाच्या आत काहीतरी मऊ होतं. "म्हणजे वीस वर्षं मी पोरांसमोर ताठ उभी राहिले ती तुमच्या कापसावर?"

"थोडा कापूस होता, बाई. बाकी तुम्हीच."

"तुम्हाला हे पाठ आहे?"

"सगळीच पाठ आहेत."

"मग वही गेली म्हणून असं सुतकी तोंड का? पाठ आहे म्हणता ना?"

मास्तरांचा हात थांबला. "अक्षर पाठ होत नाही, बाई," ते म्हणाले. "ते हिचं होतं. घरात दुसरं कुठंच नाही."

जन्मभर उत्तरपत्रिका तपासलेल्या बाईला हे उत्तर तपासता येईना. त्यांनी पानावरून हात फिरवला, पुन्हा घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. "हे मी तुम्हाला देणार नाही, मास्तर. रागावू नका. माझ्या घरात कुणी त्या पिशवीचं ओझं पाहिलं नाही, तुमच्या बायकोनं पाहिलं. हा कागद मी ठेवणार." त्या उठल्या आणि दाराशी थबकल्या. "पण तुम्हाला अक्षरच हवं असेल, तर तुमचं स्वतःचं पान आहे की."

"माझं? माझं पान नव्हतंच कधी वहीत."

"वहीत नाही. त्या साइटवर. तुमच्या बायकोच्या खात्यात. सगळ्या गावानं वाचलंय ते. तुम्ही नाही वाचलं?"

मास्तरांनी वाचलं नव्हतं. जी बाई हातभर अंतरावर बसलेली असते, तिचं खातं कोण उघडून बघतं? आणि ती गेल्यावर ते उघडायची त्यांची छाती झाली नव्हती. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेपाच वाजले होते. सहाला तीस दिवस संपत होते, आणि हिचं खातं फक्त मित्रांनाच दिसत होतं. ते दुसऱ्याच्या फोनवर मागून वाचणं मास्तरांना जमणार नव्हतं.

काळी बटणं दुकानभर सांडली. फोन चालू झाला. साइटनं परवलीचा शब्द विचारला. तो लेकीनं घातला होता, त्यांना कधीच ठाऊक नव्हता. 'विसरलात?' म्हणून साइटनं एक आकडा पाठवला, तोही लेकीच्या फोनवर. मास्तरांनी लेकीला फोन लावला.

"आकडा आलाय का तुझ्याकडे?"

"आलाय. पण बाबा, इथं लिहिलंय, हा आकडा कुणालाही सांगू नका."

"मी कुणीही आहे का?"

"हे मला कसं कळणार? तुम्हीच दोन तास सांगितलंत, आवाजाची नक्कल करतात म्हणून. आणि बाबांचा हा फोन तर बंद असतो. तुम्ही बाबाच असाल तर असं काहीतरी सांगा, जे बाबांखेरीज कुणाला माहीत नाही."

मास्तरांनी हेडबाईंकडे पाहिलं. हेडबाई कर्तव्य म्हणून छताकडे बघू लागल्या. "मला बसायला त्रास होतो," मास्तर म्हणाले.

"हे बाबांनी मला कधीच सांगितलं नाही."

"कुणालाच सांगितलं नाही! म्हणून तर सांगतोय!"

"मग मी ते पडताळू कशावरून?"

सहाला अकरा मिनिटं होती. मास्तरांनी डोळे मिटले. लहान असताना लेक त्या टेबलाखाली चिंध्यांच्या बाहुल्या करत बसायची, आणि वर आईचा आवाज आला की खालून तिची नक्कल करायची. त्यांनी टेप हातात घेतली आणि गिऱ्हाईक समोर असल्यासारखं ओरडले, "बाही चोवीस!"

पलीकडून लेकीच्या तोंडून, पण हुबेहूब आईच्या सुरात, आलं, "चोवीस." आणि त्यापाठोपाठ तिनं नाक ओढत आकडा सांगितला.

'परत आलात!' साइट म्हणाली. 'आम्हाला माहीत होतं.' मास्तरांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

हिच्या खात्यात एकच गोष्ट होती. एका कागदाचा फोटो, जरा वाकडा. टपोरं, डावीकडे कललेलं अक्षर.

'ह्यांचं माप. छाती अडतीस. कंबर छत्तीस. खांदा साडेसतरा. बाही चोवीस. झोपेत घेतलं आहे, जागेपणी उभे राहत नाहीत. मधेच कुशीवर वळले म्हणून दुसरी बाही अंदाजानं. अख्ख्या गावाला कोट शिवतात आणि स्वतः तोच विटका घालतात. त्यांना कळू देऊ नये.'

"तिला ते मला एकटीला पाठवायचं होतं," लेक फोनवर सांगत होती. "मी इकडे तुमचा कोट शिवून घेणार होते. चुकून सगळ्यांना गेलं. काढून टाक म्हणून सांगणार, तर त्याच आठवड्यात ती दवाखान्यात गेली. मग कोटाचं राहिलंच, बाबा. मला ते परत उघडवलं नाही."

फोटोखाली एकसष्ट माणसं हसली होती. वकीलसाहेबांनी लिहिलं होतं, 'निश्चिंत असा, वहिनी. आम्ही कुणीही त्यांना सांगणार नाही.' आणि कुणी सांगितलंही नव्हतं. तीन वर्षं सगळ्या गावाला मास्तरांची कंबर ठाऊक होती, आणि सगळं गाव मूठ झाकून बसलं होतं. मास्तरांनी मात्र पाटी लावली होती. त्यांना लाज वाटली आणि रडूही आलं, दोन्ही एकदम, आणि हेडबाईंसमोर आलं.

हेडबाई काही न बोलता खाली वाकल्या आणि बटणं वेचू लागल्या. डबा भरून टेबलावर ठेवला आणि निघून गेल्या.

दुकान बंद करायच्या आधी मास्तर आरशासमोर उभे राहिले. टेप स्वतःच्याच छातीभोवती घेतली. स्वतःचं माप स्वतः घेणं म्हणजे अवघड काम. पाठीमागे टेप सारखी घसरत होती. शेवटी नीट बसली. दोन इंच कमी भरली. तेहेतीस वर्षांच्या सवयीनं ते मोठ्यानं म्हणाले, "छाती छत्तीस!" आणि टेप न हलवता थांबले.

टेबलावर, हिच्या जागी, फोन पडला होता. कुणी काही बोललं नाही. मास्तरांनी टेप गुंडाळली, दिवा मालवला आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दुकान उघडलं, पाटी काढून भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि फोन हातात घेतला. उशी आली नाही. कोट आले. काळा, करडा, एक गडद निळा. प्रत्येकाखाली लिहिलं होतं, 'छाती छत्तीस. आपल्या मापात.'

मास्तरांनी चष्मा पुसला. निळा कोट मोठा करून शिवण पाहिली. बरी होती.

"बाही साडेतेवीस," ते फोनकडे बघून म्हणाले, आणि उत्तर येईपर्यंत थांबले.